‘पापयोनी’ ते ‘आपण सारे पापी’: एका कल्पनेचा मराठी प्रवास

१/
विश्रामबागेतून मिरजेच्या दिशेने निघाले की वाटेत वानलेसवाडी लागते. रिक्षावाल्यापासून विद्यार्थ्यापर्यंत सगळेच हे नाव रोज उच्चारतात, पण ते एका माणसाचे आहे हे फार थोड्यांच्या लक्षात येते. विल्यम जेम्स वानलेस हे कॅनडात जन्मलेले डॉक्टर १८८९ मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे या भागात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभारले. त्यांच्या पंथाचा मतपत्र सांगतो की मनुष्यस्वभाव जन्मतःच पतित आहे आणि स्वतःच्या बळावर तो वर येऊ शकत नाही. माणसाविषयी इतके कठोर मत बाळगणारी ही परंपरा मराठी मुलुखात आली तेव्हा येथील माणसांनी त्या मताचे काय केले? ज्यांनी ते स्वीकारले, त्यांना त्यात नेमके काय सापडले? आजचा धागा या प्रश्नाचा आहे.

२/
आरंभ आपल्या भाषेपासून करू. पापाचा घडा भरतो, पाप फेडावे लागते, कोणी पापाचा वाटेकरी होतो, कोणी पापाचा धनी होतो. मराठीतील हे वाक्प्रचार लक्षपूर्वक पाहिले तर त्यांत हिशेबाची भाषा दिसते. पाप म्हणजे केलेले कृत्य. ते साठते, मोजता येते, आणि योग्य प्रायश्चित्ताने वा भोगाने फिटते. या जन्मी फिटले नाही तर पुढच्या जन्मी. कर्मसिद्धांताचे हे लोकांच्या तोंडी रुळलेले रूप आहे. त्यात एक आश्वासन आहे, कारण हिशेब कधीतरी पुरा होऊ शकतो. त्यात एक धोकाही आहे, कारण आज जो हालात आहे त्याने पूर्वी काहीतरी केले असणार, असा निष्कर्ष काढणे सोपे जाते. हा धोका ध्यानात ठेवा. धाग्याच्या शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

३/
या हिशेबी दृष्टीचे प्रसिद्ध उदाहरण पुण्याचे आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठित मंडळींना निमंत्रण होते. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक हेही त्यांत होते. व्याख्यानानंतर चहा आला. काहींनी तो घेतला, काहींनी केवळ कप हाती धरला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापवून आणली आणि प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेले. चौकशी झाली, दोषाची प्रत ठरली, प्रायश्चित्ते सांगितली गेली. चहा पिताना मनात काय होते, याला तेथे महत्त्व नव्हते. कोणाच्या हातचे पोटात गेले, हाच प्रश्न होता. दोष बाहेरून आत आला होता आणि विधीने तो बाहेर काढता येत होता.

४/
मात्र एवढ्यावरून ‘हिंदू म्हणजे बाह्य पाप, ख्रिस्ती म्हणजे आंतरिक पाप’ असे समीकरण मांडणे ही चूक ठरेल. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो की, इच्छा नसतानाही कोणीतरी बळेच जुंपल्यासारखा माणूस पाप का करतो? श्रीकृष्ण उत्तर देतात की हा काम, हा क्रोध, रजोगुणातून उपजलेला. तुकोबांच्या अभंगांत तर स्वतःवरील आरोपपत्रच सापडते. ते स्वतःला पतित म्हणवतात आणि विठ्ठलाला पतितपावन या ब्रीदाची आठवण करून देतात. म्हणजे ‘चांगले काय ते कळते, तरी वाईट घडते’ हे कोडे मराठी मनाला मिशनऱ्यांनी शिकवलेले नाही. ते येथे होतेच. उत्तर मात्र वेगळे होते.

५/
हेच कोडे पहिल्या शतकात संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात मांडले. जे चांगले करावेसे वाटते ते हातून घडत नाही, ज्याचा तिटकारा तेच घडते. पौलाच्या मते याचे कारण म्हणजे माणसात वस्तीला असलेले पाप. येथे पाप हे कृत्याच्या आधीचे ठरते. कृत्ये ही फळे, पाप हे मूळ.

उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगरीचा बिशप ऑगस्टीन (३५४ ते ४३०) याने या विचाराला सिद्धांताचे रूप दिले. आपल्या आत्मनिवेदनात तो लहानपणीच्या एका क्षुल्लक चोरीचा विलक्षण बारकाईने छडा लावतो. सोबत्यांसह त्याने शेजारच्या झाडाची नासपती चोरली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. मग चोरली का? चोरीतच गोडी होती म्हणून.

६/
ऑगस्टीनचा निष्कर्ष असा की आदामाच्या पतनामुळे अवघ्या मानवजातीची इच्छाशक्तीच वाकलेली आहे. हेच ‘मूळ पाप’. त्याचा समकालीन पेलागियस याला हे अमान्य होते. त्याच्या मते माणूस चांगले निवडण्यास समर्थ आहे, आणि तसे नसेल तर देवाने आज्ञा देण्यात अर्थ तो काय? ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसच्या मताचा निषेध केला.

पण वाद मिटला नाही. पूर्वेकडील चर्चने मरण व दुर्बलता वारशाने येते असे मानले, दोषाचा वारसा मानला नाही. कॅथलिकांच्या त्रेंत धर्मसभेने १५४६ मध्ये ठरवले की बाप्तिस्म्याने मूळ पाप धुतले जाते, वाईटाकडील ओढ मात्र झुंजण्यासाठी मागे उरते. प्रॉटेस्टंट सुधारकांनी हे पतन अधिक खोलवरचे मानले. तेव्हा ‘ख्रिस्ती मत’ एकच आहे अशा समजुतीत राहू नये.

७/
त्रेंतचे कॅथलिक मत मराठीत आले ते गोव्यातून. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत त्याच भागात राहिला. सासष्टीतील नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे काढून घेतली गेली होती. त्यांच्या जागी वाचायला काय, हा त्यांचा प्रश्न होता. स्टीफन्सने उत्तरादाखल जवळपास अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पहिल्या पुराणात सृष्टीची उत्पत्ती, आदाम आणि हव्वेचे पतन व तारणाऱ्याची प्रतीक्षा, दुसऱ्या पुराणात ख्रिस्तचरित्र. ज्ञानेश्वर आणि एकनाथांच्या ओवीत मूळ पापाची कथा प्रथमच बोलू लागली.

८/
नव्या कल्पनेला जुने शब्द लागतात. स्टीफन्सने स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द घेतला आणि सैतानासाठी ‘देवचार’. गोव्याच्या लोकश्रद्धेत देवचार हा गावाच्या शिवेवर फिरणारा राखणदार. त्याला नारळ, विडी, दारू देऊन लोक संरक्षण मागतात. ज्या शब्दात गावाचा रक्षक राहत होता, त्याच शब्दात आता मानवजातीचा शत्रू येऊन राहिला.

हा केवळ भाषांतराचा प्रश्न नव्हता. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन होते, देवळे पाडली गेली होती, लोक घरे सोडून पळाले होते. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेसुइटांना ठार मारले. दुष्टाईशी झुंज देण्याची भाषा राजसत्तेच्या हाती गेली की शेजाऱ्याचा देव हाच ‘दुष्ट’ ठरतो. क्रिस्तपुराणाच्या गोडव्यासोबत हा इतिहासही वाचला पाहिजे.

९/
एकोणिसाव्या शतकात मराठी मुलुखात प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांची शाळा, छापखाना आणि वाद यांची त्रयी आली. पोर्तुगीज काळातील सक्ती आता नव्हती, पण राज्य गोऱ्यांचेच होते. या वादात सर्वांत कसलेला भिडू होता नीळकंठशास्त्री गोऱ्हे. काशीत वाढलेला हा चित्पावन पंडित ख्रिस्ती मताचे खंडन करावयास निघाला आणि १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोऱ्हे झाला. षड्दर्शनदर्पण या ग्रंथात त्याने सहाही दर्शनांची परीक्षा केली. वेदांतावरील त्याचा रोख थोडक्यात असा: जीव जर मुळात ब्रह्मच असेल आणि बंधन केवळ अज्ञानाचे असेल, तर अपराधी कोण आणि पश्चात्ताप कोणी करावयाचा? अज्ञान ज्ञानाने जाते. अपराधाला मात्र क्षमा लागते, आणि क्षमेसाठी समोर कोणीतरी असावे लागते.

१०/
आता या धाग्याच्या मध्यबिंदूकडे येऊ. गीतेच्या नवव्या अध्यायात एक शब्द येतो, ‘पापयोनी’. ज्यांचा जन्मच पापमय, अशा अर्थाने घेतल्या गेलेल्या या शब्दाला लागूनच स्त्रिया, वैश्य आणि शूद्र यांचा उल्लेख आहे. श्लोकाचा आशय उदार आहे हे खरे, कारण माझा आश्रय घेणारे हेही परमगतीस जातात असेच तो सांगतो. पण ‘हेही’ हा शब्द उंबरठा दाखवून जातो. काहींचा जन्म पापाचा आणि काहींचा नाही, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

त्याशेजारी मूळ पापाचा सिद्धांत ठेवून पाहा. तो सांगतो की स्त्री असो वा पुरुष, राजा असो वा झाडूवाला, प्रत्येकाचा जन्म पतित मानवजातीत झालेला आहे. कोणताही जन्म याला अपवाद नाही. ऐकताना निराशाजनक वाटणारे हे वाक्य ज्याला जन्मापासूनच खालचा ठरवले गेले आहे त्याच्या कानी वेगळे पडते.

११/
ते कसे पडते, याची साक्ष पंडिता रमाबाई देतात. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंना वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी संस्कृताचे शिक्षण मिळाले. कलकत्त्यात स्त्रीधर्मावर व्याख्याने देण्यासाठी त्यांनी धर्मग्रंथ नव्याने चाळले. पुढे आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी लिहिले की हे ग्रंथ अनेक बाबतीत परस्परविरोधी असले तरी एका बाबतीत सर्वांचे एकमत दिसले: स्त्रीजात, उच्चवर्णीय असो वा नीच, स्वभावतःच वाईट. १८८२ मध्ये पती गेले आणि त्या विधवा झाल्या. विधवेचे वैधव्यही तिच्याच पूर्वपापाचे फळ मानले जाई. ज्या विदुषीला ‘सरस्वती’ ही पदवी मिळाली होती, तिलाही हा शिक्का चुकला नाही.

१२/
१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. तेथे जोगिणींनी लंडनमधील फुलम येथे चालवलेले एक निवासस्थान त्यांना दाखवले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे सन्मानाने उभे केले जात होते. अशा स्त्रियांवर दया करावी असे आपल्याकडे कोणी सांगितल्याचे त्यांच्या ऐकिवात नव्हते. त्यांनी कारण विचारले, तेव्हा एका जोगिणीने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. पाच पती होऊन गेलेली, यहुद्यांच्या दृष्टीने हलक्या जमातीतली ती स्त्री. येशू तिच्याजवळ पाणी मागतो आणि तिच्याशी उपासनेविषयी बोलतो. त्याच वर्षी सप्टेंबरात रमाबाईंनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली.

१३/
पण रमाबाई आज्ञाधारक शिष्या नव्हत्या. चर्चच्या अनेक मतांवर त्या जोगिणींशी पत्रांतून कडाडून भांडल्या. एका धर्मगुरुशाहीतून सुटून दुसरीत शिरण्याची त्यांची तयारी नव्हती. आत्मनिवेदनात त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. आपण सुधारक, आपण विदुषी, ही ओळख बाजूला ठेवून ‘मीही पापी’ असे म्हणता आले तेव्हा ती गाठ सुटली.

दुष्काळात वाचवलेल्या मुली आणि विधवा यांच्यासाठी त्यांनी केडगावला मुक्ती सदन उभे केले. तेथे जून १९०५ मध्ये जागृतीची लाट आली. शेकडो मुली रडत, मोठ्याने आपापली पापे कबूल करीत प्रार्थना करू लागल्या. वेल्समधील तशाच लाटेच्या वार्ता तेव्हा ताज्या होत्या.

१४/
या दृश्याकडे दोन प्रकारे पाहता येते. एक, ज्यांना आयुष्यभर इतरांनी पापी म्हटले, त्या प्रथमच स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या शब्दांत, आपल्या मनाविषयी बोलल्या. शिक्का मारणे वेगळे आणि कबुली देणे वेगळे. कबुलीसाठी ‘मी’ लागतो. दुसरे असे की, दुष्काळ, बालविवाह आणि उपासमार यांत होरपळलेल्या पोरींनी क्षमा मागावी असे त्यांनी काय केले होते? क्षमा तर त्यांची कोणीतरी मागायला हवी होती. मला या दोन्ही वाचनांपैकी एकही टाकून देता येत नाही, आणि माझ्या मते या सिद्धांताचा सारा मराठी इतिहास याच दोन टोकांत ओढला गेला आहे.

१५/
पहिल्या टोकाला रेव्हरंड नारायण वामन टिळक उभे दिसतात. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले हे कवी सांगत की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामाच्या पुलावरून. तुकोबांचा पतित आणि पौलाचा पापी यांना त्यांनी एकाच भजनात बसवले. आत्मदोषाची जाणीव हा त्यांच्या लेखी दोन परंपरांना जोडणारा दुवा होता. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते आपल्या शेजारच्या साताऱ्यास आले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्या दरबारात जागा होती. सगळेच पतित असतील, तर आतला कोण आणि बाहेरचा कोण, हे ठरवणाऱ्या भिंतीही तितक्याशा पवित्र राहत नाहीत. १९१९ मध्ये टिळक गेले आणि तो प्रयोग अपुरा राहिला.

१६/
भिंती मात्र चर्चमध्येही होत्या. गोव्यात ब्राह्मण आणि चार्डो ख्रिस्ती शतकानुशतके जातवार बंधुसंघांत विभागलेले राहिले. ‘आपण सारे पापी’ असे एका सुरात म्हणणारी माणसे सोयरीक जुळवताना मात्र जात पाहत होती.

दुसऱ्या टोकावरची सर्वांत धारदार टीका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आहे. धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीविषयीच्या, त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या निबंधात ते म्हणतात की, माणसाच्या अधोगतीचे कारण त्याचे मूळ पाप आहे ही शिकवण समाजशास्त्राच्या दृष्टीने घातक आहे. अधोगतीचे कारण प्रतिकूल परिस्थिती असते. आपल्या दैन्याचे मूळ स्वतःच्या पापात शोधणारा माणूस ती परिस्थिती बदलण्यासाठी उठणार नाही. १९५६ मध्ये बाबासाहेबांनी जो धम्म स्वीकारला, त्यात मूळ पापाला स्थान नाही.

१७/
बाबासाहेबांचा आक्षेप मला निर्णायक वाटतो, पण एका अटीवर. ‘आपण सारे पापी’ हे वाक्य कोण कोणाला उद्देशून म्हणतो, यावर त्याचा अर्थ ठरतो. वरच्याने खालच्याला म्हटले तर ते जुन्या ‘पापयोनी’चेच नवे रूप होते. दुष्काळात होरपळलेल्या मुलीला ते सांगणे क्रूर आहे. परंतु खालच्याने वरच्याकडे पाहून ‘तूही’ असे म्हटले, तर सोवळ्याचा सारा डोलारा हलतो. रमाबाईंनी ते तसे म्हटले. शिवाय त्या म्हणून थांबल्या नाहीत. केडगावात प्रार्थनेसोबत छपाई, विणकाम, शेती आणि अक्षरओळख होती. दुष्टाईशी झुंज मनात चालू होतीच, ती परिस्थितीशीही चालू होती. बाबासाहेबांना हवा असलेला अर्धा भाग त्यांनी कृतीने पुरवला होता, असे म्हणता येईल.

१८/
आता मिरजेला परत. येथील मिशनने कुष्ठरोग्यांसाठीही स्वतंत्र रुग्णालय चालवले. तेव्हा या रोगाला लोक महारोग म्हणत आणि पूर्वजन्मीच्या घोर पापाचे फळ मानत. बायबलच्या जुन्या करारातही असा रोगी अशुद्ध मानून वस्तीबाहेर ठेवलेला आहे. पण योहानाच्या नवव्या अध्यायात एक प्रसंग आहे. जन्मांध माणूस पाहून शिष्य येशूला विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्याला दृष्टी देण्याच्या कामाला लागतो.

दुसऱ्या मुद्द्यात सांगितलेला धोका आठवा: जो हालात आहे त्याने काहीतरी केले असणार. सगळेच पतित असतील, तर एकाच माणसाचा रोग त्याच्या पापाचा पुरावा उरत नाही.

१९/
मूळ पाप खरे की खोटे, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या कक्षेतला नाही. त्या कल्पनेने कोणाच्या हाती काय दिले, एवढेच आपण तपासू शकतो. गोव्यात तिने सत्तेच्या हाती शस्त्र दिले. केडगावात एका विधवेच्या हाती जन्माच्या उतरंडीविरुद्धचा युक्तिवाद दिला. साताऱ्यात एका कवीच्या हाती तुकोबांशी जोडणारा धागा दिला. आणि जेथे ती केवळ आत वळली, तेथे तिने अन्यायाला मोकळे सोडले.

पुढच्या वेळी वानलेसवाडीचा थांबा आला की त्या नावामागचा हा लांबचा वाद आठवून पाहा. धागा आवडला तर पुढे पाठवा. मतभेद असतील तर अवश्य मांडा, त्यावर स्वतंत्र धागा लिहीन.